साखरेच्या गाठी आणि जातीची गाठ

शिमगा जवळ आला की जिल्हा पुरवण्यांत, आणि आता मोबाइलवरच्या व्हिडिओंत, एक बातमी हमखास येते. पाडव्याच्या साखरगाठी बनवणारे कुटुंब, तिसरी किंवा चौथी पिढी, धुरकट भट्टी, आजोबांच्या हातातला झारा आणि शेजारी उभा असलेला नातू. मथळा ठरलेला असतो : पिढ्यान्‌पिढ्या जपलेला गोडवा. वाचून बरे वाटते. आम्हालाही वाटते. मिठाईच्या मोठ्या कंपन्यांच्या काळात कुणी हाताने साखरेचे दागिने घडवत असेल, तर त्याची कदर व्हायलाच हवी.

पण मित्रांनो, त्या बातमीपाशी आम्ही दरवर्षी अडतो. पिढ्यान्‌पिढ्या एकच काम करणे ही गोष्ट कौतुकाची केव्हा होते आणि शिक्षेची केव्हा? आमच्या आजा-पणजानेही पिढ्यान्‌पिढ्या एकच काम केले. मेलेली ढोरे ओढली, सारा भरायला माणसे बोलावून आणली, वेशीवर रात्री जागवल्या, मर्तिकाची वर्दी घेऊन गावोगाव पायी गेले. त्या घराण्यांचा फोटो कुठल्या पुरवणीत 'वारसा' म्हणून छापून आला?

हा प्रश्न खुन्नस म्हणून विचारत नाही. कारागिरीवर आमचा राग नाही आणि कारागिरावर तर मुळीच नाही. उलट ही कारागिरी आम्ही जवळून पाहिली आहे, म्हणूनच लिहितो आहोत.

आमच्या तालुक्याच्या गावात असे एक दुकान आहे. पुढे दुकान, मागे भट्टी, माडीवर घर. थंडी पडली की संक्रांतीचा काटेरी हलवा आणि रेवडी, शिमग्यापासून पाडव्यापर्यंत गाठी, पुढे जत्रांचे बत्तासे. साखर आणि पाणी, मुख्य भांडवल एवढेच. त्यावर तिसरी पिढी जगते आहे.

गाठीचे काम दिसायला सोपे असते. कढईत साखर-पाणी उकळायला लागले की त्यात थोडे दूध सोडतात. मळी फेस होऊन वर येते, ती झाऱ्याने काढायची. मळी राहिली तर गाठी पिवळट पडतात. मग पाक आटू द्यायचा. भट्टीजवळ तापमापक नसतो. दोन बोटांत तार धरून पाहायची, पाण्यात थेंब टाकून गोळी होते का बघायची. पाक कोवळा राहिला तर गाठ चिकट होते, दमट हवेत पाझरते. पुढे गेला तर साच्यात पडण्याआधीच कढईत साखर धरते. सागवानी साचे आधी पाण्यात भिजवलेले असतात, म्हणजे साखर लाकडाला धरत नाही. साच्यातल्या घरांमधून दोरा ओढून ठेवायचा, साचा बांधायचा आणि चोचीच्या भांड्याने एका धारेत पाक ओतायचा. थोड्या वेळाने साचा उघडला की दोऱ्यात ओवलेली पांढरीशुभ्र माळ हातात येते.

हलवा त्याहून चिवट. मंद शेगडीवर परात ठेवायची, तिच्यात तीळ, खसखस किंवा साबुदाणा. त्यावर चमचा-चमचा पाक घालत हाताने दाणे फिरवत राहायचे. पाक सुकला की पुन्हा चमचाभर. तासन्‌तास, दिवसेंदिवस. हळूहळू दाण्याला काटा फुटतो. घाई केली, आच वाढवली की दाणा गुळगुळीत होतो नाहीतर पिवळा पडतो. संक्रांतीला नव्या सुनेच्या अंगावर जे हलव्याचे दागिने घालतात, त्यातल्या प्रत्येक दाण्यामागे शेगडीवर भाजलेली बोटे असतात. आणि ही बोटे बहुतेक वेळा बाईची असतात. दुकानाच्या पाटीवर मात्र 'अमुक आणि सन्स'.

आमच्या वस्तीतली एक ताई या दुकानात सात हंगाम कामाला होती. साचे धुणे, दोरे कापणे, माळा पुड्यांत भरणे आणि थंडीत हलव्याच्या परातीवर बसणे, ही तिची कामे. हजेरी रोजाची. दुकानाच्या मालकाला सगळे मामा म्हणतात, तीही म्हणायची. माणूस वाईट नाही. सणाला तिला जास्तीचे पैसे द्यायचा, पोरांसाठी रेवडी बांधून द्यायचा. पण पाक घरचेच काढणार, हा नियम. भट्टीपाशी मुलगे, पुतणे. ताईने पाक शिकला तो सात वर्षे साचे धुता धुता, मान वर करून बघत. अंगठा मागणारे तिथे कुणी नव्हते, पण भट्टीजवळ बोलावणारेही कुणी नव्हते.

एका फाल्गुनात थोरला मुलगा तापाने पडला. मागणी तोंडावर आलेली. तीन दिवस पाक ताईने काढला. मामा शेजारी उभे होते आणि त्यांना एकदाही बोलावे लागले नाही. माल नेहमीसारखा निघाला, नेहमीसारखा विकला गेला. चौथ्या दिवशी मुलगा उठून बसला आणि ताई पुन्हा साच्यांच्या टोपल्यापाशी.

तिथेच तिने ठरवले, आपले आपण करायचे.

बचत गटातून कर्ज उभे राहिले. कढई, गॅसची भट्टी, सुताराकडून नवे साचे. अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी आमच्यातल्या एका पोराने मोबाइलवरून करून दिली. त्या सरकारी अर्जात जातीचा रकाना नव्हता. बाजारात होता. पहिला माल घेऊन आम्ही तिच्यासोबत किराणा दुकाने फिरलो. गाठ हातात घेऊन, उजेडात धरून, तोडून, चाखून व्यापारी म्हणायचे, "माल झकास आहे." पुढचा प्रश्न ठरलेला : "कुणाच्या घरचा?" ताई आडनाव सांगायची. मग, "बघू, पाडवा झाल्यावर या." पाडवा झाल्यावर गाठीला कोण विचारतो? एकाने मात्र सरळ सांगितले, "ताई, मला काही नाही हो, पण गिऱ्हाईक ते देवाला लावतं."

आता इथे थांबून नीट विचार करू या. सात हंगाम याच हातांनी साचे धुतले, माळा भरल्या, हलवा फिरवला. तीन दिवस याच हातांनी पाकही काढला. तो माल याच दुकानांतून गेला, गुढीला लागला, देवापुढे ठेवला गेला. कुणाची गुढी पडली नाही. बाट लागली ती त्याच हातांनी स्वतःच्या नावाने माल विकायला घेतला तेव्हा. म्हणजे विटाळ स्पर्शाचा नव्हताच. विटाळ मालकीचा होता. तुम्ही मजूर म्हणून राबा, तुमचा हात चालतो. मालक म्हणून समोर उभे राहिलात की त्याच हाताला जात फुटते.

बाबासाहेबांनी हे फार पूर्वी दाखवून दिले आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि मंडळाने परिषदच रद्द केल्यावर १९३६ साली स्वतः छापलेले 'जातिप्रथेचे विध्वंसन' काढून पाहा. त्यात जयपूर संस्थानातल्या चकवारा गावाची हकिकत आहे. तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्याने आपल्याच जातभाईंना जेवण दिले आणि त्यात तुपाचे पदार्थ केले. जेवण चालू असताना शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन धावून आले, अन्नाची नासाडी केली, जेवणाऱ्यांना मारले. तूप यजमानाचे, पैसा त्याचा, जेवणारे त्याचेच लोक. गुन्हा एवढाच की अस्पृश्याने यजमान व्हावे आणि पंगतीत तूप वाढावे. १९२७ च्या मार्चमध्ये महाडलाही तेच घडले. चवदार तळ्याचे पाणी घेऊन परतलेल्या आमच्या माणसांवर हल्ला झाला, तेव्हा त्यांच्या जेवणात माती कालवली गेली. चांगले अन्न, गोड अन्न, आपल्या हातचे आणि आपल्या मालकीचे अन्न, हे जातव्यवस्थेला नेहमी टोचत आले आहे.

जे लोक 'देवाला लावायचे' म्हणून हात तपासतात, त्यांनी साखर कुठून येते हेही तपासावे. बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून दर हिवाळ्यात लाखो माणसे ऊस तोडायला गाव सोडतात. त्यांत बौद्ध आहेत, मातंग आहेत, वंजारी आहेत, बंजारा आणि भटके आहेत. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात, उचल त्या कोयत्यावर देतात. बाईची वेगळी मोजणीच नाही. पाळी आली, आजार आला तरी खाडा परवडत नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यात सरकारी समितीने ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली निघाली. गुढीवरच्या त्या पांढऱ्या माळेत या बायांचे रक्त आहे. त्या रक्ताचा विटाळ कुणाला होत नाही. ऊस तोडणारा हात चालतो, साखरेची पोती उचलणारा हात चालतो, साचे धुणारा हातही चालतो. पाटीवर नाव लावणारा हात तेवढा चालत नाही.

आता पुन्हा वारशाकडे येऊ. आमच्या वाट्यालाही एक 'पिढीजात' गोष्ट होती. तिला वतन म्हणत. १८७४ च्या वतन कायद्याने महाराला गावाच्या आणि सरकारच्या अष्टौप्रहर चाकरीला बांधून ठेवले होते. मोबदला म्हणजे वतनाचा जमिनीचा तुकडा आणि दारोदार मागायचे बलुते. एकाला बोलावणे आले आणि तो घरी नसला तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. गावाला ती परंपरा वाटत होती, आमच्यातल्याही अनेकांना वतन म्हणजे मान वाटत होता. बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत'मधून समाजाला समजावले की हा मान नाही, बेडी आहे. १९२८ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले. आमचा इतिहास असा आहे : पिढीजात काम सोडले तेव्हा आम्ही माणसात आलो. ढोरे ओढणे सोडले, मेलेले मांस सोडले, त्यासाठी बहिष्कार सोसले, मार खाल्ला. ज्या समाजाची मुक्ती वारसा नाकारण्यातून झाली, त्याने दुसऱ्याच्या वारशाच्या कौतुकाला डोळे मिटून टाळ्या कशा वाजवाव्यात?

जातव्यवस्था म्हणजे कामाची सोयीस्कर वाटणी, असे म्हणणाऱ्यांना बाबासाहेबांचे उत्तर ठाऊक आहे. तिथे कामाबरोबर माणसांचीही वाटणी होते, खालीवर रचून. कुणी काय करायचे हे त्याची आवड, त्याची कुवत बघून ठरत नाही, आईबापाच्या दर्जावरून ठरते. साखरगाठीच्या भट्टीला हे लावून पाहा. पाकाची जाण कुणाच्या बोटांत आहे, हे तिथे महत्त्वाचे नव्हते. कुणाच्या पोटी जन्मला, हे महत्त्वाचे होते. आणि यात नुकसान फक्त ताईचे नाही. मामांच्या धाकट्या मुलाला त्या भट्टीत काडीचा रस नाही, त्याला मोटार दुरुस्तीत गती आहे. तो घराण्याच्या नावाखातर उकाड्यात उभा आहे. ज्याला नको त्याला धरून ठेवायचे आणि जिला हवे तिला दूर ठेवायचे, याला परंपरेचे जतन म्हणायचे का?

काही मित्र म्हणतील, घराण्याचे धंदे जगभर असतात, तिथे कुठे जात असते? म्हणून एक उदाहरण देतो. आपल्या काटेरी हलव्याचा सख्खा भाऊ शोभावा असा पदार्थ जपानमध्ये आहे, कोम्पेइतो. हे नाव पोर्तुगीज भाषेतल्या कोन्फेइतो शब्दावरून आले. लुईस फ्रोइस या पाद्र्याने १५६९ साली ओदा नोबुनागाला ही मिठाई काचेच्या कुपीतून भेट दिली होती. क्योतो शहरात र्योकुजुआन शिमिझु हे घराणे १८४७ पासून कोम्पेइतो करत आले आहे. तापलेली तिरकी कढई सतत फिरत असते, तांदळाच्या कणीवर पाक शिंपडत राहतात, एक घाण पुरा व्हायला दोन आठवड्यांहून अधिक दिवस जातात. कारागीर दाण्यांच्या घरंगळण्याच्या आवाजावरून पाक कधी द्यायचा ते ठरवतो. विद्या घराण्यातल्या वारसालाच मिळते. जग त्याचे कौतुक करते, आणि काम खरेच कौतुकाचे आहे.

पण त्याच क्योतोत, ३ मार्च १९२२ रोजी, सुइहेइशाची स्थापना झाली. सुइहेइशा म्हणजे बुराकू लोकांची समतेची संघटना. कातडे कमावणे, जनावरे कापणे अशी कामे पिढ्यान्‌पिढ्या माथी मारलेला आणि त्यामुळे अपवित्र ठरवलेला तो समाज. सरकारने १८७१ साली फर्मान काढून त्यांचा हीन दर्जा रद्द केला होता. तरी पुढे शंभर वर्षांनी, १९७५ साली, बुराकू वस्त्यांच्या पत्त्यांच्या गुप्त याद्या कंपन्या विकत घेत असल्याचे उघड झाले. नोकरी मागायला आलेला त्या वस्तीतला तर नाही ना, हे बघायला. एकाच देशात घराण्याचे नाव एकाला प्रतिष्ठा देते आणि दुसऱ्याला नोकरीच्या दारातून परत पाठवते. जन्मावरून माणसाची किंमत ठरवण्याची ती एकच वही असते. एका पानावर मान लिहिलेला असतो, दुसऱ्यावर अपमान.

आता आपल्या घरातल्या भांडणाकडे. ताईने काम सुरू केले तेव्हा आमच्या अभ्यासवर्गात जोरदार वाद झाला. एक बाजू म्हणाली, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराने पाडव्याच्या गाठी कशाला करायच्या? ज्या कर्मकांडातून बाहेर पडलो त्याचेच सामान पुरवायचे? दुसरी बाजू म्हणाली, पोटाचा प्रश्न आहे, पाटीवर एखाद्या देवाचे नाव टाका, आडनाव लपवा, माल खपेल.

या वादात ताई स्वतः काय म्हणाली ते सांगतो. "कापडवाला गिऱ्हाइकाला विचारतो का, लुगडं नेसणार का देवीला नेसवणार? मी साखर विकते. देवाचं नाव पण लावणार नाही आणि माझं नाव पण लपवणार नाही." आमचे मत तिच्या बाजूने झाले. कला ही कर्मकांडाची मालमत्ता नव्हे. पाकाची तार, साच्याची धार, हलव्याचा काटा हे माणसाच्या हाताचे आणि डोळ्याचे ज्ञान आहे. ते कुठल्या धर्माचे नाही, कुठल्या जातीचे तर नाहीच. आणि नाव लपवून मिळालेले गिऱ्हाईक नाव कळताच जाते. सोबत आपला ताठ कणाही घेऊन जाते.

मग तिने वेगळे साचे करून घेतले. पिंपळपान आणि चक्र. सुतार उत्साहात म्हणाला, बाबासाहेबांचा चेहराही कोरून देतो, जयंतीला धडाक्यात खपेल. ताई म्हणाली, "बाबासाहेबांना तोंडात घालून चघळायचं आणि संपलं म्हणायचं? नको." यात आमच्या कितीतरी भाषणांपेक्षा जास्त आंबेडकरवाद आहे.

१४ एप्रिलला चौकातल्या पुस्तकांच्या स्टॉलशेजारी तिचे टेबल लागले. दुपारपर्यंत माळा संपल्या. आनंद झाला, पण एका दिवसाच्या आनंदावर संसार चालत नाही. आपल्याच माणसांनी जयंतीला घेतले आणि वर्षभर विसरले तर ती चळवळ होत नाही, वर्गणी होते. नामकरणाला, लग्नाला, बुद्धपौर्णिमेला, शाळेच्या निकालाला आपण गोड कुठून घेतो? आपला पैसा वर्षभर कुणाच्या गल्ल्यात जातो? हा हिशेब प्रत्येक वस्तीने एकदा मांडायला हवा. त्याचबरोबर गावच्या बाजारावरचा आपला हक्कही सोडता कामा नये. चवदार तळ्यावर आपण वेगळी विहीर मागायला गेलो नव्हतो. सार्वजनिक पाण्यावरचा हक्क सांगायला गेलो होतो. बाजारही सार्वजनिक आहे. आज एक किराणावाला आडनाव वाचून, पाटी तशीच ठेवून, ताईचा माल ठेवतो. एकच आहे, पण आहे.

सगळ्यात महत्त्वाचे पुढे आहे. ताईकडे सध्या तिघीजणी शिकतात. एक आमच्या वस्तीतली, एक मातंग वस्तीतली, एक मुसलमान घरातली. तिघींचेही तिच्याशी नाते नाही. पहिल्याच आठवड्यात तिने तिघींना कढईपाशी उभे केले, बोटांत तार धरायला लावली, हात भाजले तेव्हा फुंकर घातली आणि पुन्हा तार धरायला लावली. तिला कुणी विचारले, अगं, घराण्याचं गुपित असं वाटून टाकायचं का? ती म्हणाली, "गुपित ठेवलं असतं तर मी अजून साचेच धूत बसले असते."

कार्यकर्त्या मित्रांनो, आपल्याकडून तीन गोष्टी व्हायला हव्यात. हाताच्या कामाला कमी लेखायचे नाही. नोकरीसाठी लढत असतानाच भट्टी, लेथ, शिवणयंत्र यांच्यापाशीही आपली मुले मालक म्हणून उभी राहिली पाहिजेत. जिथे कारागिरीला सरकारी अनुदान, प्रशिक्षण, पुरस्कार मिळतो तिथे विचारायचे की शिकायला दार कुणाला उघडे आहे, आणि पुरस्काराच्या फोटोत साचे धुणारी बाई का नाही. आणि आपण जे शिकू ते घरात कोंडायचे नाही. वारशाचे कुलूप आपण आतून लावले तर बाहेर पुन्हा कुणीतरी उभे राहीलच. मामांना आमचा निरोप एवढाच : तुमच्या धाकट्याला मोटारीचे गॅरेज काढून द्या. भट्टीची काळजी करू नका, पाक काढणारे हात गावात आहेत.

जय भीम!